नवा ड्रायव्हर आणि पहाटेची झोप

इंझोरी परिसरातील तरुण क्लीनर म्हणून राबून पुढे ट्रकवर ड्रायव्हर लागतात. दाखल्यासाठी आले की माझ्याकडे डोळे तपासून घेतात. झोपेविषयी कोणी विचारत नाही.

पहाटे 2 ते 5 या वेळेत शरीराची जागे राहण्याची शक्ती निसर्गतःच फार कमी होते. डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद झोपतो. ताशी 80 कि.मी. वेगात 4 सेकंदांत गाडी सुमारे 90 मीटर जाते! कारंज्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर हा धोका अधिकच. तंबाखूने वा मोठ्या गाण्यांनी झोप भागत नाही. जांभयांवर जांभया आल्या, मागचे दोन-चार किलोमीटर आठवेनासे झाले, की गाडी धाब्यावर लावावी, कपभर चहा घेऊन लगेच 20 मिनिटे झोपावे. चहाचा परिणाम साधारण तेवढ्याच वेळाने सुरू होतो. उठल्यावर थोडे फिरून मगच स्टिअरिंग धरावे.

‘मालक रागावतो’ असे मुले सांगतात. मोटार वाहतूक कामगार कायद्याने 1961 सालीच दिवसाला 8 तास काम आणि 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती, हे मालकांनीही वाचावे. जोरात घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या ड्रायव्हरने मात्र डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.