मंत्रचळ : नुसत्या बोलण्याने मेंदू बदलतो का?

कुलूप लावून माणूस चार पावले जातो, परत फिरतो, कुलूप ओढून पाहतो. असे दहा-दहा वेळा. कुणी दिवसभर हात धुतो. कातडी सोलवटली तरी हात स्वच्छ वाटत नाहीत. घरचे म्हणतात, ‘स्वभावच संशयी!’ किंवा ‘सोवळे फार!’ वाचकहो, हा स्वभाव नव्हे, आजार आहे. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ‘ओसीडी’ म्हणतात. आपण करतो ते निरर्थक आहे, हे रुग्णाला बहुधा कळत असते. पण थांबता येत नाही.

डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी मानसोपचार सुचवला, की नातेवाईक विचारतात, ‘नुसते बोलून काय होणार?’ या प्रश्नाचा शोध लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. लुईस बॅक्स्टर, डॉ. जेफ्री श्वार्ट्झ व सहकाऱ्यांनी घेतला. त्यांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. मंत्रचळाच्या ९ रुग्णांना फ्लुओक्सेटिन हे औषध दिले, तर दुसऱ्या ९ जणांना फक्त वर्तनोपचार. मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखवणारी ‘पेट’ तपासणी उपचारांपूर्वी आणि सुमारे दहा आठवड्यांनी केली. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूतील ‘कॉडेट’ या भागाची जादा धावपळ कमी झाली होती. आणि ती दोन्ही गटांत! म्हणजे योग्य मानसोपचाराची खूण मेंदूवरही उमटते.

पुढे डॉ. श्वार्ट्झ यांनी १९९६ च्या ‘ब्रेन लॉक’ या पुस्तकात रुग्णांसाठी चार पायऱ्या सांगितल्या :

१) ओळखा : ‘हात घाण नाहीत, हा मंत्रचळाचा विचार आहे.’
२) कारण जाणा : ‘हा मेंदूतील बिघाडाचा खोटा इशारा आहे.’
३) लक्ष वळवा : हात न धुता निदान पंधरा मिनिटे दुसरे काम करा.
४) किंमत कमी करा : त्या विचाराला महत्त्व देऊ नका.

तिसरी पायरी सर्वांत कठीण. सुरुवातीला जीव कासावीस होतो. पण सरावाने ती तगमग ओसरू लागते.

घरच्यांनी रागावू नये. मात्र ‘कुलूप लागले आहे हो’ अशी ग्वाही वारंवार देऊही नये. त्याने आजाराला खतपाणीच मिळते.

हे उपचार म्हणजे कोरडा उपदेश नव्हे. त्यासाठी प्रशिक्षित माणूसच हवा. मानसोपचारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. काहींना औषध व वर्तनोपचार दोन्ही लागतात. चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. कुठे जावे हे कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत दूरध्वनी २०२२ पासून सुरू आहे. लाज वाटून वर्षे दवडू नका.