लाइट गेली आणि ‘वर्किंग कॉपी लॉक्ड’

प्रश्न : जुन्या विंडोज एक्सपी पीसीवर टॉर्टॉइज एसव्हीएनमध्ये अपडेट चालू असताना लाइट गेली. आता सारखं ‘वर्किंग कॉपी लॉक्ड’ येतं. सहकाऱ्याने लॉक लावलंय का?

उत्तर : सहकाऱ्याला उगाच बोल लावू नका. त्याने घेतलेल्या लॉकची नोंद सर्व्हरवर असते. तुमचं लॉक तुमच्याच डिस्कवर आहे. सबव्हर्जन (म्हणजेच एसव्हीएन) १.६ पर्यंत काम चालू असताना फोल्डरातल्या लपलेल्या ‘.एसव्हीएन’मध्ये ‘लॉक’ नावाची फाइल तयार होते, काम संपलं की जाते. मध्येच लाइट गेली की ती तशीच पडून राहते. सर्वांत वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘क्लीन अप’ चालवा. तेही अडलं, तर बहुधा अँटिव्हायरस एखादी फाइल धरून बसलाय. पीसी रीस्टार्ट करून लगेच पुन्हा चालवा. ‘ब्रेक लॉक’ मात्र दाबू नका, त्याने दुसऱ्याचं लॉक तुटतं.