मैदानाबाहेरचा गुरू

ज्याला स्वतःला शिखर गाठता आले नाही, तो दुसऱ्याला तेथवर नेऊ शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील बेसबॉलच्या एका शिक्षकाच्या जीवनात सापडते. त्यांचे नाव लिओ मॅझोनी.

आपल्याकडे जसे क्रिकेट, तसे अमेरिकेत बेसबॉल. या खेळातही एक जण चेंडू फेकतो व दुसरा तो बॅटने टोलवतो. मात्र चेंडूचा टप्पा पडू द्यावयाचा नसतो. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. ६० फूट ६ इंच अंतरावरून तो सर्व शक्तीनिशी चेंडू फेकतो. संघाची बरीचशी मदार त्याच्या हातावर असते, आणि तो हात दुखावला की त्याचा खेळ संपतो.

धंदेवाईक बेसबॉलची एक उंच शिडी आहे. तिच्या खालच्या पायऱ्यांना मायनर लीग म्हणतात, तर वरच्या टोकाला मेजर लीग असते. खालच्या पायऱ्यांवर प्रवास दूरचा आणि मिळकत तुटपुंजी. तरीही उद्याच्या आशेवर असंख्य तरुण तेथे राबत असतात. त्यांपैकी बहुतेकांना शेवटची पायरी कधीच लाभत नाही.

१९४८ साली जन्मलेले मॅझोनी हे अशांपैकीच एक. हे डावखुरे पिचर १९६७ पासून अनेक वर्षे मायनर लीगमध्ये खेळले. परंतु मेजर लीगच्या एकाही सामन्यात चेंडू फेकण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. खेळाडूचे स्वप्न मावळले. दुसरा एखादा खचून गेला असता. मॅझोनींनी मात्र शिकविण्याचे व्रत घेतले. १९७९ मध्ये ते अटलांटा ब्रेव्ह्ज या संघाच्या सेवेत आले आणि मायनर लीगमधील होतकरू पिचरांना धडे देऊ लागले.

तेथे त्यांना जॉनी सेन हे गुरू भेटले. सेन हे एके काळचे नामांकित पिचर. हात वारंवार, परंतु बेताने चालवावा. तो नुसत्या विश्रांतीने बळकट होत नाही, ही त्यांची शिकवण. मॅझोनींनी ती मनोभावे स्वीकारली. पिचर चार दिवस थांबून पाचव्या दिवशी सामन्यात उतरतो. मधल्या दिवसांत एकदाच सराव करण्याची रीत होती. मॅझोनी तो दोनदा करून घेत. मात्र त्यात जोर लावावयाचा नाही, केवळ नेम साधावयाचा, असा त्यांचा दंडक असे. पहाटे खर्ज लावणारा गवई गळा ताणीत नाही, तसेच हे. चेंडू खालच्या बाजूस व फलंदाजापासून दूरच्या कोपऱ्यात टाकावा, हा धडा ते पुनःपुन्हा घोटून घेत.

१९९० च्या जून महिन्यात बॉबी कॉक्स अटलांटा संघाचे व्यवस्थापक झाले व त्यांनी मॅझोनींना मुख्य संघात आणले. त्या वर्षी संघ आपल्या गटात तळाशी राहिला. पुढील वर्षी तोच संघ गटात पहिला आला! त्याच १९९१ मध्ये जॉन स्मोल्ट्झ या तरुण पिचरच्या नावावर हंगामाच्या पूर्वार्धात २ विजय आणि ११ पराभव लागले होते. त्याला बाहेर बसविणे सोपे होते. पण गुरूंनी व व्यवस्थापकांनी विश्वास ढळू दिला नाही. एका मानसशास्त्रज्ञाचेही साहाय्य झाले. उत्तरार्धात त्याच स्मोल्ट्झने १२ विजय मिळविले व केवळ २ पराभव पत्करले.

सर्वोत्तम पिचरला दर वर्षी साय यंग पारितोषिक मिळते. १९९१ ते १९९८ या काळात ते सहा वेळा अटलांटाच्या पिचरांकडे आले : मॅडक्सकडे तीनदा, ग्लॅव्हिनकडे दोनदा व स्मोल्ट्झकडे एकदा. १९९५ मध्ये संघाने जागतिक मालिका जिंकली. अखेरच्या सामन्यात टॉम ग्लॅव्हिनने आठ डावांत प्रतिपक्षास एकच यशस्वी फटका मारू दिला. त्या वर्षांत मॅझोनी कॉक्स यांच्या शेजारी बाकावर बसून सारखे पुढेमागे झुलत असत. चेंडू शिष्याच्या हाती, पण घालमेल गुरूच्या जिवाची!

मॅडक्स अटलांटात आले तेव्हा आधीच नावाजलेले होते, हे येथे सांगितले पाहिजे. तसेच २००६ व २००७ मध्ये मॅझोनी बाल्टिमोर संघाकडे गेले, तेथे तसे यश आले नाही. गुरूला शिष्यही तोलामोलाचे लाभावे लागतात.

पुढे हे तिघेही शिष्य बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात विराजमान झाले. मॅडक्स व ग्लॅव्हिन २०१४ मध्ये, स्मोल्ट्झ २०१५ मध्ये. मॅझोनींच्या नावावर मेजर लीगमधील एक चेंडूही नाही. परंतु त्या तिघांनी फेकलेल्या कितीतरी चेंडूंमागे त्यांचे कष्ट उभे आहेत. स्वतःला जे मिळाले नाही, ते दुसऱ्याला मिळवून देण्यात ज्याला आनंद वाटतो, तोच खरा शिक्षक होय.

स्वाध्याय
१. मॅझोनींच्या सरावाच्या पद्धतीत कोणते वेगळेपण होते?
२. स्मोल्ट्झच्या उदाहरणावरून गुरूचा कोणता गुण दिसतो?
३. ‘गुरूला शिष्यही तोलामोलाचे लाभावे लागतात’ हे लेखकाने का म्हटले आहे?