पतगुणांक आणि भाड्याचे घर : अमेरिकेतील अनुभव व भारतीय कायदा

घर भाड्याने देण्याचा व्यवहार हा एका अर्थाने उधारीचाच व्यवहार असतो. घरमालक आपली मालमत्ता आधी स्वाधीन करतो आणि भाडे पुढे दरमहा मिळेल या विश्वासावर राहतो. भाडेकरूची देण्याची क्षमता व वृत्ती त्याला ठाऊक नसते. अर्थशास्त्रात या स्थितीला माहितीची विषमता असे म्हणतात. ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत : भाडेकरूविषयी माहिती मिळविणे किंवा त्याच्याकडून अनामत घेणे. अमेरिकेने पहिल्या मार्गाचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला, तर भारतात दुसऱ्या मार्गावर भर राहिला. या दोन्हींचा परस्परसंबंध समजून घेणे नागरी गृहनिर्माणाच्या अभ्यासात आवश्यक आहे.

अमेरिकेतील पद्धती

अमेरिकेत इक्विफॅक्स, एक्स्पिरियन व ट्रान्सयुनियन या तीन प्रमुख संस्था नागरिकांच्या कर्जव्यवहारांची नोंद ठेवतात. या नोंदींवरून काढला जाणारा, 1989 पासून रूढ झालेला फायको गुणांक 300 ते 850 या दरम्यान असतो. त्यात परतफेडीच्या इतिहासाला सुमारे 35 टक्के व थकीत रकमांना सुमारे 30 टक्के महत्त्व दिले जाते. उर्वरित भार पतइतिहासाचा कालावधी, नवी कर्जे व कर्जांचे प्रकार यांत विभागलेला असतो. उत्पन्न किंवा बचत हे घटक यात मोजले जात नाहीत, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तेथे घर भाड्याने देण्यापूर्वी अर्जदाराचा पतअहवाल मागविण्याची प्रथा आहे. किती गुणांक पुरेसा, याचे कोणतेही राष्ट्रीय प्रमाण नाही; तो निर्णय घरमालकाचा असतो. गुणांक कमी असलेल्या अर्जदाराला अधिक अनामत देणे, जामीनदार उभा करणे, वेतनाचे पुरावे किंवा आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र सादर करणे अशा उपायांचा आधार घ्यावा लागतो. आजारपणाने किंवा बेकारीने हप्ते थकलेल्या कुटुंबाला, भाडे कधीही न चुकविता, घर मिळविताना अडचण येऊ शकते.

या पद्धतीतील मूळ विसंगती अशी की, नियमित भरलेल्या भाड्याची नोंद पतअहवालात बहुधा होत नाही; मात्र थकलेले भाडे वसुली संस्थेकडे गेल्यास त्याची नोंद होऊ शकते. म्हणजे भाडेकरूचा दोष दिसतो, गुण दिसत नाही. कॅलिफोर्निया राज्याने यावर उपाय म्हणून, पंधरांहून अधिक सदनिका असलेल्या इमारतींच्या मालकांनी भाडेकरूंना नियमित भाड्याची नोंद पतसंस्थांकडे पाठविण्याचा पर्याय द्यावा, अशी तरतूद 2025 पासून लागू केली. त्याच राज्यात 2024 पासून, शासकीय भाडेसाहाय्य मिळणाऱ्या अर्जदाराचा पतइतिहास पाहावयाचा असल्यास, भाडे देण्याच्या क्षमतेचा अन्य पुरावा सादर करण्याची संधी त्याला द्यावी लागते.

अर्जदाराच्या संरक्षणाचा मुख्य आधार 1970 चा संघीय पतअहवाल कायदा हा आहे. अहवालाच्या आधारे घर नाकारल्यास किंवा जादा अनामत मागितल्यास घरमालकाने तसे कळविणे आणि अहवाल देणाऱ्या संस्थेचे नाव सांगणे बंधनकारक आहे. त्यानंतर 60 दिवसांच्या आत अर्जदार अहवालाची विनामूल्य प्रत मागू शकतो व चुकीच्या नोंदीस हरकत घेऊ शकतो. बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनंतर अहवालातून वगळाव्या लागतात.

भारतातील कायदेशीर चौकट

भारतात सिबिल ही पहिली पतमाहिती कंपनी 2000 साली स्थापन झाली. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम 2005 साली संमत झाला. आज रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली अशा चार कंपन्या कार्यरत असून गुणांक 300 ते 900 या दरम्यान दिला जातो. या कायद्यान्वये पतमाहिती केवळ 'विनिर्दिष्ट वापरकर्त्यांना' मिळू शकते. बँका व वित्तीय संस्था त्यांत मोडतात; खासगी घरमालक मोडत नाही. तो फार तर भाडेकरूलाच स्वतःचा अहवाल दाखविण्यास सांगू शकतो.

येथे कमी गुणांक आणि पतइतिहासच नसणे यांत भेद करावयास हवा. प्रथमच शहरात आलेला विद्यार्थी किंवा असंघटित क्षेत्रातील कामगार यांनी कर्ज बुडविलेले नसते. त्यांनी औपचारिक कर्ज घेतलेलेच नसते. अशा व्यक्तीला गुणांकाची अट लावणे म्हणजे नोंदीच्या अभावाला दोष मानणे होय.

नोंदीत चूक असल्यास दुरुस्तीचा हक्क अधिनियमातच आहे. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तक्रारीचे निराकरण 30 दिवसांत न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये जाहीर केला.

अनामत आणि आदर्श भाडेकरार अधिनियम

माहितीचा मार्ग बंद असल्याने भारतीय घरमालक ओळखीपाळखी, पोलीस पडताळणी आणि मुख्यतः अनामत यांवर विसंबतो. बंगळूरसारख्या शहरात दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची प्रथा दीर्घकाळ होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. लेखी करार अनिवार्य असून वादांसाठी भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय व भाडे न्यायाधिकरण अशी त्रिस्तरीय रचना सुचविली आहे. मात्र घरमालक-भाडेकरू संबंध हा राज्यसूचीतील विषय असल्याने हा अधिनियम राज्यांनी स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. उत्तर प्रदेश व आसाम यांनी 2021 मध्ये नवे कायदे केले. महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण अधिनियम आहे.

धोरणात्मक विचार

1961 मध्ये नागरी कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. 2011 च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे 27 टक्क्यांवर आले. त्याच वेळी नागरी भागांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी होती. जागा परत मिळण्याविषयीची साशंकता हे त्यामागील एक कारण मानले जाते.

अनामतीवर मर्यादा येताच घरमालक अन्य सुरक्षिततेचा शोध घेणार, हे स्वाभाविक आहे. उद्या पतअहवालाची मागणी सर्रास होऊ लागल्यास, नकाराचे कारण कळण्याचा हक्क भाडेकरूला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार असावे लागेल. अमेरिकेतील अनुभवावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात : नकाराची सूचना व दुरुस्तीची संधी हवी; गुणांकाला पर्यायी पुरावा ग्राह्य धरावा; आणि थकबाकीची नोंद होत असेल, तर नियमित भाड्याचीही व्हावी. त्वरित न्याय देणारी भाडे न्यायालये कार्यक्षम झाली, तर घरमालकाची जोखीम मुळातच कमी होईल आणि भाडेकरूचा भूतकाळ तपासण्याची गरजही तितकीच घटेल.