आपल्या गावाचा इतिहास : रोहिणखेड


"आमच्या गावाला कसला आलाय इतिहास?" असं मुलं म्हणतात ना? त्यांना मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड सांगा. घाटाच्या पायथ्याचं छोटंसं गाव. खानदेशातून वऱ्हाडच्या पठारावर जाणारी वाट इथूनच. म्हणूनच 1437 आणि 1590 मध्ये इथे लढाया झाल्या. 1582 सालची मशीदही इथे आहे. पुढे 1867 मध्ये रेल्वे मलकापूरवरून नागपूरला पोहोचली आणि मुख्य वाटच बदलली.

उपक्रम : 1881 ते 2011 दर दहा वर्षांनी जनगणना झाली. आपल्या गावाचे मिळतील तेवढे आकडे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या. लोक किती घटले-वाढले ते आकड्यांतून कळेल. का, ते आजी-आजोबाच सांगतील. ते आहेत तोवर विचारून घ्या.