दादाजी खोब्रागडे यांचे चरित्र शिकविताना

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी धानाचा एक बारीक वाण सिद्ध केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्यास ‘एचएमटी’ हे नाव पडले. दादाजींचे शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. हे ऐकून इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या भातखाचरांतून आलेली आमची मुले विचारतात, “मग शाळा कशाला?” हा प्रश्न शिक्षकांनी टाळू नये, असे आम्हांस वाटते.

१९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या शेतात दादाजींना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी वेगळे राखले, पुढील हंगामात वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवड करीत वाण स्थिर केला. निरीक्षण, निवड आणि पडताळणी, हेच विज्ञान होय.

बियाणे हातोहात दूरवर पसरले. निर्मात्याचे दारिद्र्य मात्र सरले नाही. शेतकऱ्याच्या वाणास नोंदणीचा हक्क देणारा कायदा २००१ साली झाला, तोवर एचएमटी सर्वत्र पोहोचला होता. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. दृष्टी शेतात घडते. परंतु शोध आपला आहे हे सिद्ध करण्यास नोंद लागते, कायदा वाचता यावा लागतो. बाबासाहेबांनी शिक्षणास अग्रक्रम दिला, तो याच हक्कांसाठी. म्हणून पालकांनी सुट्टीत मुलांना खाचरात अवश्य न्यावे. सोबत वहीही द्यावी.