जर्मन काळ आणि आपला ‘ने’

सोनकच्छला आमच्या घरात मराठी, बाहेर पडलं की हिंदी आणि माळवी. त्यात आता जर्मनची भर पडली आहे. माझी मावसबहीण नर्स आहे आणि जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ पातळीचं जर्मन लागतं. तिच्यासोबत मीही शिकते. इंग्रजीतून काळ पाठ करताना आम्ही दोघी अडखळलो, मग मराठीतून सुरुवात केली.

वर्तमानकाळ (प्रेझेन्स): ‘इश कोमं’ म्हणजे मी येते. ‘इश कोमं मॉर्गन’ म्हणजे मी उद्या येते. आपणही असंच बोलतो ना? भविष्यकाळासाठी ‘वेर्डन’ हे सहायक क्रियापद आहे, पण ‘उद्या’सारखा शब्द असला की रोजच्या बोलण्यात वर्तमानकाळ पुरतो.

भूतकाळ: बोलताना बहुधा पेर्फेक्ट, कथा-बातम्यांत प्रेटेरिटुम. ‘होती’साठी ‘वार’ मात्र बोलतानाही चालतं. पेर्फेक्टच्या साध्या वाक्यात सहायक क्रियापद दुसऱ्या जागी येतं आणि मुख्य क्रियापद शेवटी. शेवटपर्यंत थांबायची सवय मराठी कानाला असतेच.

सहायक कोणतं, हाबेन की झाइन? पहिला अंदाज आपल्या ‘ने’वरून बांधा.

तिने गोळी दिली: झी हाट दी टाब्लेटं गेगेबन. (हाबेन)
ती आली: झी इस्ट गेकॉमन. (झाइन)

पण इथेच फसायला होतं. ‘ती हसली’, ‘ती चहा प्यायली’ यांत ‘ने’ नाही, तरी जर्मनमध्ये हाबेनच. उलट ‘त्याने उडी मारली’ला झाइन. म्हणून अंदाजानंतर एक प्रश्न विचारा: कर्ता स्वतः इथून तिथे गेला का, किंवा त्याची अवस्था बदलली का, जसं जागं होणं, मरणं? हो असेल तर बहुतेक झाइन. ‘असणं’ आणि ‘आहे तिथेच थांबून राहणं’ यांनाही झाइन लागतं, ते पाठच करा.

काळ चुकला तर परीक्षेत एक गुण जातो. वॉर्डात तसं नसतं. ड्यूटी बदलताना ‘इश गेबं दी टाब्लेटं’ म्हटलं तर ऐकणारी समजेल, गोळी अजून द्यायची आहे. ‘इश हाबं दी टाब्लेटं गेगेबन’ म्हणजे दिली. एवढ्या फरकाने रुग्णाला दोनदा गोळी जाऊ शकते, किंवा एकदाही नाही. म्हणून ताई रोज रात्री दिवसभराची कामं मला पेर्फेक्टमध्ये सांगते.

सराव: सहायक क्रियापद ओळखा. १. ती घरी गेली. २. ती जर्मन शिकली.
(उत्तरं: १. झाइन, २. हाबेन. दुसऱ्यात चुकलात? आम्हीही चुकलो होतो.)